पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट: अमेरिकेचं, ब्रिटनचं, ऑस्ट्रेलियाचं की इथलंच?

कोथरूडकर

नमस्कार. एका मुलासाठी माहिती हवी आहे. वय २४, बी.कॉम. झालेला, पुण्यातल्या जिममध्ये फ्लोअर ट्रेनर. हातात कागद एकही नाही, जे येतं ते बघून आणि करून शिकलेलं. स्वतःचे पीटी (पर्सनल ट्रेनिंग) क्लायंट घ्यायचे तर आता जिमवाले सर्टिफिकेट मागतात. शिवाय दोन-तीन वर्षांत दुबई किंवा ऑस्ट्रेलियाला जायचं डोक्यात आहे.

माहितीपत्रकं गोळा केली तर प्रत्येकावर 'आंतरराष्ट्रीय मान्यता'. कुणी म्हणतं अमेरिकेचं कर, कुणी म्हणतं ब्रिटनचं लेव्हल थ्री, कुणी म्हणतं आपलं सरकारी स्किल कौन्सिलचं पुरे. सहा आठवड्यांचा कोर्स असो की सहा महिन्यांचा, शेवटी नाव तेच, 'सर्टिफाइड पर्सनल ट्रेनर'. सगळीकडे चालेल असं एकच सर्टिफिकेट असतं का? नसेल तर निवडायचं कशावरून? जाहिरातीत असतं ते नको, कोर्स आतून ठाऊक असलेल्यांनी सांगा.

मुद्गल

सगळीकडे चालणारं एकही नाही. आणि 'हा कोर्स चांगला की तो' असं विचारून उपयोग नाही, कारण सर्टिफिकेट या एकाच शब्दाखाली देशोदेशी वेगवेगळी वस्तू मिळते.

अमेरिकेत ती वस्तू म्हणजे परीक्षा. तिथे पर्सनल ट्रेनरला सरकारी परवाना लागत नाही. लुइझियाना राज्यात क्लिनिकल एक्सरसाइज फिजिओलॉजिस्टला लागतो, पण ते काम वेगळं. सरकार मध्ये नाही, मग भरवसा कशावर? तर एनसीसीए नावाची संस्था परीक्षा घेणाऱ्यांची तपासणी करते: प्रश्न कसे काढले, पास होण्याची रेषा कशी ठरवली, पेपर फुटू नये म्हणून काय केलं. एसीई, एनएएसएम, एसीएसएम आणि एनएससीए या चार अमेरिकन संस्थांच्या ट्रेनर परीक्षांना ती मान्यता आहे. अभ्यास तुम्ही कुठे केला, किती दिवस केला, केला की नाही, याच्याशी तिला घेणंदेणं नाही.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ती वस्तू म्हणजे आयटीआयसारखी व्यावसायिक पात्रता. अभ्यासक्रमाची युनिटं सरकारी चौकटीत ठरलेली, प्रत्येक युनिट वेगळं पास करायचं आणि कुणीतरी समोर उभं राहून तुम्हाला क्लायंट हाताळताना बघतं.

फ्रान्स, पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये तो थेट कायद्याचा परवाना आहे. फ्रान्समध्ये पैसे घेऊन व्यायाम शिकवायचा तर क्रीडा संहितेत बसणारा डिप्लोमा हवा, बहुतेक जण बीपीजेप्स करतात, आणि वर व्यावसायिक कार्ड. त्याशिवाय शिकवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पोर्तुगालमध्ये २०१२ च्या ३९ क्रमांकाच्या कायद्याने व्यायाम-तंत्रज्ञाचा व्यावसायिक परवाना सक्तीचा केला. ब्राझीलमध्ये १९९८ पासून शारीरिक शिक्षणाची पदवी आणि विभागीय परिषदेत नोंद, दोन्ही लागतं. अमेरिकेची कितीही भारी परीक्षा पास व्हा, या तिन्ही ठिकाणी तिच्या जोरावर जिममध्ये उभं राहता येत नाही. जर्मनी पुन्हा निराळं. 'फिटनेस ट्रेनर' या नावाला तिथे कायद्याचं संरक्षण नाही, पण नोकरीला बी-लायसन्स आणि त्यावरचं ए-लायसन्स विचारतात. नावात लायसन्स असलं तरी ते खासगी संस्थांचे कोर्सच.

त्यामुळे आधी देश, मग कोर्स. उलट्या क्रमाने गेलेले दोनदा फी भरतात.

इथल्या माहितीपत्रकांबद्दल एक खूण सांगतो. 'आयएसओ सर्टिफाइड' लिहिलेलं असेल तर पुढचा आकडा वाचा. ९००१ असेल तर त्याचा अर्थ संस्थेच्या कारभाराची पद्धत तपासलेली आहे. तो आकडा बिस्किटांच्या कारखान्यालाही मिळतो. व्यक्तीची पात्रता तपासणाऱ्या संस्थेसाठीचं मानक १७०२४ आहे. माहितीपत्रकावर हा आकडा फार क्वचित दिसतो.

यारा_किनारा

मेलबर्नची बाजू लिहिते. इथे दोन पायऱ्या आहेत. सर्टिफिकेट थ्री इन फिटनेस केलं की जिम इन्स्ट्रक्टर: मशीन दाखवणं, तयार प्रोग्रॅम देणं, ग्रुप क्लास. सर्टिफिकेट फोर केलं की पर्सनल ट्रेनर. फोरला बसायला थ्रीमधली ठरावीक युनिटं आधी झालेली लागतात, म्हणून बहुतेक संस्था दोन्ही एकत्र विकतात.

कोड वाचायला शिका, फसवणूक तिथेच पकडता येते. एसआयएस४०२२१ हा सर्टिफिकेट फोरचा कोड. एसआयएस म्हणजे क्रीडा क्षेत्राचं ट्रेनिंग पॅकेज, ४ म्हणजे पातळी, शेवटचे २१ म्हणजे २०२१ ची आवृत्ती. थ्रीचा एसआयएस३०३२१. कुणी १५ वर संपणारा कोड दाखवून प्रवेश देत असेल तर तो २०१५ चा जुना अभ्यासक्रम आहे. कोड बरोबर असला तरी संस्था नोंदणीकृत आहे का, म्हणजे तिचा आरटीओ (नोंदणीकृत प्रशिक्षण संस्था) क्रमांक खरा आहे का, आणि याच कोडसाठी तिला परवानगी आहे का, हे सरकारच्या ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू या साइटवर फुकट बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक फी भरल्यावर करतात.

प्रथमोपचाराचा वेगळा कागद लागतो, आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास द्यायचं प्रशिक्षण) दर १२ महिन्यांनी पुन्हा करायचं. भारतातून येताना घेतलेला सीपीआरचा कागद इथे धरत नाहीत. उद्योगाची नोंदणी ऑसॲक्टिव्हकडे, तिचं आधीचं नाव फिटनेस ऑस्ट्रेलिया. कायद्याने ती सक्तीची नाही, पण मोठ्या जिम आणि विमा कंपन्या विचारतात.

अमेरिकन सर्टिफिकेट असेल तर ते वाया जात नाही. आरपीएल नावाची सोय आहे, आधीचं शिक्षण आणि अनुभव दाखवून काही युनिटांतून सूट मिळते. पण पुरावा म्हणून नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. क्लायंटला दिलेले लेखी प्रोग्रॅम, भरलेले स्क्रीनिंग फॉर्म (आरोग्याची प्रश्नावली), नोकरीचं सविस्तर पत्र असं मागतात. त्या मुलाने आतापासून आपल्या क्लायंटच्या प्रोग्रॅमच्या प्रती, नावं खोडून, जपून ठेवाव्यात.

आणि कृपा करून सर्टिफिकेट फोर हा व्हिसाचा रस्ता समजू नका. स्टुडंट व्हिसावर शिकणाऱ्याला सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. फ्रीलान्स ट्रेनर जिमला आठवड्याचं भाडं देतो, क्लायंट जमेपर्यंत ते खिशातून जातं. ४८ तासांच्या मर्यादेत हे गणित बसवणं अवघड आहे.

कोथरूडकर

दोघांचे आभार. अमेरिकन चार नावं एकमेकांसारखीच वाटतात. त्यातलं कुठलं, आणि पुण्यात बसून देता येतं का?

दंडबैठक

देता येतं. परीक्षा केंद्रावर जाऊन किंवा घरून कॅमेऱ्यासमोर. कोणती सोय कुणाकडे आहे ते अर्ज करताना बघून घ्या, ते बदलत असतं.

आता चौघांमधला फरक.

एनएएसएम: १२० प्रश्न, २ तास, त्यातले २० प्रश्न प्रायोगिक असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. कुठले ते कळत नाही. पास व्हायला ७०, पण हे ७० म्हणजे ७० टक्के नव्हेत, काठिण्यानुसार बदललेला गुणांक आहे. सगळा अभ्यास ओपीटी नावाच्या पाच टप्प्यांच्या मॉडेलभोवती फिरतो. पहिला टप्पा स्थिरतेचा: १२ ते २० रेप (सलग आवृत्त्या), अशा १ ते ३ फेऱ्या म्हणजे सेट, संथ लय ४-२-१ (सेकंदांत: खाली, थांबा, वर), विश्रांती ० ते ९० सेकंद. चौथा कमाल ताकदीचा: १ ते ५ रेप, ४ ते ६ सेट, ८५ ते १०० टक्के वजन, ३ ते ५ मिनिटं विश्रांती. हे तक्ते तोंडपाठ हवेत. दुसरा कणा म्हणजे ओव्हरहेड स्क्वॉट (हात डोक्यावर धरून काढलेली बैठक) बघून निष्कर्ष काढणं. गुडघे आत येतात असं दिसलं की मांडीच्या आतले ॲडक्टर आणि नितंबाच्या बाजूचा टीएफएल हे स्नायू गरजेपेक्षा जास्त काम करणारे, नितंबाचे ग्लूटियस मीडियस आणि मॅक्झिमस कमी काम करणारे, असं त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. प्रत्यक्षात गुडघा आत येण्याची कारणं याहून जास्त असतात, घोट्याची लवचीकता कमी असणं हे तर नेहमीचंच. पण पेपरात त्यांचा तक्ताच चालतो. वर्षानुवर्षं जिममध्ये काढलेली मुलं इथे नापास होतात ती याच कारणाने. अनुभवाने उत्तर देतात, पुस्तकाने नाही.

एसीई: १५० प्रश्न, ३ तास, गुण १२५ प्रश्नांचे. ८०० पैकी ५०० ला पास. क्लायंटशी बोलणं, सवय बदलणं, तो कोणत्या मानसिक टप्प्यावर आहे हे ओळखणं यावर भर. प्रश्न प्रसंगाचे असतात आणि चारपैकी दोन उत्तरं बरोबर वाटतात. इंग्रजी वाचायचा सराव नसेल तर वेळ पुरत नाही.

एसीएसएम: १९५४ पासूनची संस्था, वैद्यकीय वळणाची. ८०० पैकी ५५० ला पास. हिशोब येतात. नमुना बघा: सपाट ट्रेडमिलवर ताशी ३.५ मैल चालणाऱ्याचे मेट (विश्रांतीच्या किती पट ऊर्जा लागते तो आकडा) किती? मैलाला २६.८ ने गुणून मीटर प्रति मिनिट काढा, ९३.८. त्याला ०.१ ने गुणा, ९.३८. त्यात ३.५ मिळवा, १२.८८. पुन्हा ३.५ ने भागा, साधारण ३.७ मेट. चुकतं कुठे? मैलांचं मीटरमध्ये रूपांतर विसरतात, किंवा शेवटचा भागाकार करत नाहीत आणि १२.९ लिहून मोकळे होतात. तो आकडा पर्यायांत मुद्दाम ठेवलेला असतो.

एनएससीए-सीपीटी: १५५ प्रश्न, ३ तास. व्हिडिओ आणि चित्रांवरचे प्रश्न असतात, म्हणून फ्लोअरवर काम केलेल्याला ही त्यातल्या त्यात आपली वाटते. डंबेल प्रेसला आधार कुठे द्यायचा? मनगटाजवळ, कोपराखाली नाही, कारण कोपर धरला तर हात आत कोसळून डंबेल चेहऱ्यावर येऊ शकतो. क्लीन किंवा स्नॅचला (बार झटक्याने उचलायच्या प्रकारांना) स्पॉटर, म्हणजे सांभाळायला माणूस, उभा करायचा का? नाही करायचा, बार सोडून बाजूला व्हायला शिकवायचं. वजन कधी वाढवायचं? शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा २ रेप जास्त, लागोपाठ २ सत्रांत निघाल्या, की वाढवायचं.

चौघांनाही वय १८ आणि सीपीआर-एईडीचा (एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) चालू कागद लागतो. नूतनीकरण: एनएएसएम आणि एसीई दर २ वर्षांनी २० तासांचं पुढचं शिक्षण, एसीएसएम आणि एनएससीए दर ३ वर्षांनी. हा खर्च कुणी धरत नाही आणि दोन वर्षांनी सर्टिफिकेट मुदतबाह्य होऊन पडतं.

तो मुलगा बी.कॉम. आहे हे वाचून एक सुचलं. एनएससीएचंच सीएससीएस हे वरचं प्रमाणपत्र आहे, खेळाडूंच्या ताकद-प्रशिक्षकांसाठी. त्याला पदवी लागते, सध्या कुठल्याही शाखेची चालते. पुढे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातलीच पदवी लागणार असं संस्थेने जाहीर केलं आहे, म्हणजे तेव्हा बी.कॉम.वाल्याला ती खिडकी बंद. पेपर दोन: शास्त्रीय पाया ९५ प्रश्न, प्रत्यक्ष वापर १२५ प्रश्न. पहिल्या पेपरात बायोमेकॅनिक्स आणि ऊर्जा-प्रणाली आहेत, वाणिज्य शाखेच्या मुलाने सहा-आठ महिने हाताशी धरावेत.

तांबडी_माती

दंडबैठक यांनी पेपर छान उलगडून सांगितले, पण मूळ गोष्ट राहिली. या चारही परीक्षा पास झालेला माणूस बारबेलला हात न लावता पास झालेला असू शकतो. लिहून उत्तर दिलं की स्पॉटिंग मनगटापाशी, पण त्याचे हात तिथे वेळेवर पोचतात का, हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून मी ब्रिटनच्या बाजूचा.

तिथे लेव्हल टू म्हणजे जिम इन्स्ट्रक्टर, लेव्हल थ्री म्हणजे पर्सनल ट्रेनर, आणि त्यापुढे लेव्हल फोरमध्ये पाठदुखी, लठ्ठपणा-मधुमेह, हृदयविकारानंतरचा व्यायाम असे विषय. शरीररचनेचा पेपर असतोच, पण खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. लेव्हल थ्रीला एका खऱ्या क्लायंटची फाइल लागते: आरोग्य प्रश्नावली, लेखी संमती, मापं, आहाराची नोंदवही, काही आठवड्यांचा प्रोग्रॅम आणि त्याचा आढावा. मग असेसर (परीक्षक) समोर, किंवा दूरस्थ कोर्स असेल तर व्हिडिओवर, पूर्ण सत्र घ्यायचं.

नापास होण्याची कारणं ठरलेली आहेत. सुरुवातीला आग लागली तर बाहेर कुठून पडायचं हे क्लायंटला सांगितलं नाही. सत्रभर एकाच जागी उभं राहिला, बाजूने आणि मागून पाहिलंच नाही. न विचारता क्लायंटला हात लावला. आपल्याकडे ट्रेनर सरळ खांदा धरून फिरवतात, तिथे तोंडाने विचारावं लागतं. आणि सगळ्यात जास्त वेळा: कागदावर १२ रेप लिहिल्या म्हणून आठव्या रेपला कंबर गोल झाली तरी १२ पूर्ण करून घेतल्या. असेसर नेमकं हेच बघायला बसलेला असतो, की लिहिलेलं बाजूला ठेवून वजन कमी करता का.

पारख: पात्रतेवर ऑफक्वालचा, म्हणजे तिथल्या पात्रता-नियामक संस्थेचा, क्रमांक असतो, आधी ३ आकडे, तिरपी रेष, ४ आकडे, तिरपी रेष, शेवटचं एक चिन्ह. तो त्यांच्या नोंदवहीत शोधा. प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी आणि शिकवणारी वेगळी असते. ॲक्टिव्ह आयक्यू, वायएमसीए अवॉर्ड्स ही पहिल्या प्रकारातली नावं. त्यावर सिम्स्पाचा, म्हणजे तिथल्या फिटनेस व्यवसायाच्या संस्थेचा, शिक्का असेल तर उत्तम. ट्रेनरच्या जुन्या आरईपीएस नोंदणीची जागा २०२० नंतर सिम्स्पानेच घेतली आहे. 'यूकेचं लेव्हल थ्री' म्हणून भारतात विकल्या जाणाऱ्या कोर्सला हा क्रमांक नसेल तर तो लेव्हल थ्री नव्हे, त्या नावाचा कोर्स आहे.

दंडबैठक

हात न लावता पास होता येतं हे मान्य, तो दोष खराच आहे. पण व्हिडिओवर प्रात्यक्षिक घेणाऱ्या ब्रिटिश कोर्सचं काय? चार वेळा रेकॉर्ड करून त्यातला चांगला पाठवला की झालं. प्रात्यक्षिक समोरासमोर आहे की नाही, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

तांबडी_माती

हे बरोबर. समोरासमोरचंच घ्यावं.

मुद्गल

अमेरिकन पेपरमधली पास-नापासची चर्चा चालली आहे तर 'परीक्षेचा कुठला प्रकार' हेही बघा. काही संस्था एकाच सर्टिफिकेटसाठी दोन वाटा ठेवतात, एक पर्यवेक्षणाखाली, दुसरी घरी पुस्तक उघडून. एनसीसीएचा शिक्का फक्त पहिल्या वाटेला. बाहेर ज्याला मान्यता हवी त्याने पहिलीच घ्यावी. तसंच डीईएसी नावाची मान्यता शिकवणाऱ्या संस्थेला असते, परीक्षेला नाही. दोन्ही खऱ्या, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

बर_दुबई

दुबईचं. इथे आरईपीएस यूएई नावाची ट्रेनरची नोंदवही आहे, चांगल्या जिम नोकरी देताना तीच विचारतात. नोंदणीसाठी त्यांना मान्य असलेली पात्रता, प्रथमोपचार-सीपीआर आणि ओळखपत्रं लागतात. नोंदणी कामाच्या प्रकारानुसार होते: जिम इन्स्ट्रक्टर वेगळा, पर्सनल ट्रेनर वेगळा, ग्रुप क्लासवाला वेगळा. जो कोर्स केला आहे तो त्यांच्या मान्य यादीत आहे का, हे त्यांनाच मेल करून विचारा, उत्तर देतात. भारतातल्या एजंटला विचारू नका. तो 'हो' म्हणणार.

कागदांचं साक्षांकन हा इथला खरा डोकेदुखीचा भाग. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात (सदस्य देशांत कागदावर एकच शिक्का पुरतो) आहे, पण अमिराती नाही. म्हणून इथे अपोस्टिलचा शिक्का चालत नाही, वकिलातीचं साक्षांकन लागतं: आधी महाराष्ट्र शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई वकिलात, आणि इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. ओमान आणि सौदी करारात आहेत, तिथे अपोस्टिल पुरतं. ओमानला जाणाऱ्या मित्राचं ऐकून दुबईसाठी अपोस्टिल करून घेतलं की पैसे बुडाले.

आणखी एक. कागद ज्या देशात निघाला त्याच देशातून त्याचं साक्षांकन होतं. अमेरिकन सर्टिफिकेटचं साक्षांकन कुणी मागितलं तर ते अमेरिकेतून करावं लागेल, मुंबईतून नाही. बहुतेक जिम ट्रेनर सर्टिफिकेटसाठी ते मागत नाहीत, ऑनलाइन पडताळणीवर भागवतात, पण व्हिसासाठी पदवीचं लागू शकतं. बी.कॉम.चं पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून काढून ठेवलंय का? नुसती गुणपत्रिका असते लोकांकडे.

आहारवेद

मी आहारतज्ज्ञ आहे, ट्रेनरच्या कोर्समधला माझ्या विषयाचा भाग बघते, म्हणून एवढंच.

परदेशी पुस्तकातले आकडे आपल्या क्लायंटवर जसेच्या तसे लावू नका. त्या पुस्तकांत बीएमआय २५ पासून जास्त वजन, ३० पासून लठ्ठपणा. भारतीयांसाठी तीच रेषा २३ आणि २५ धरतात, कारण कमी वजनातही आपल्याकडे पोटावर चरबी आणि मधुमेह दिसतो. कमरेचा घेर अमेरिकन पुस्तकात पुरुष १०२ सेंमी, स्त्री ८८. आपल्याकडे ९० आणि ८०. म्हणजे बीएमआय २६ आणि कंबर ९५ असलेला कोथरूडचा चाळिशीतला गृहस्थ त्यांच्या पेपरात 'थोडं जास्त वजन', आणि आपल्या हिशोबाने लठ्ठ. परीक्षेत त्यांचं उत्तर लिहा, क्लायंटच्या कार्डावर आपलं.

रक्तदाबाचंही तसंच. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० ला उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा म्हणतात, ब्रिटनमध्ये दवाखान्यातलं माप १४०/९० धरतात. दोन पुस्तकं एकत्र वाचणाऱ्यांचा इथेच घोळ होतो.

डाएट चार्ट: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडे ट्रेनरच्या कामाची कुंपणं स्पष्ट आहेत. सर्वसाधारण आहार मार्गदर्शन चालतं, आजारासाठी आहार लिहून देणं चालत नाही. 'मधुमेही क्लायंटने आहार विचारला, काय कराल?' या प्रश्नाचं उत्तर 'आहारतज्ज्ञाकडे पाठवेन' हेच. इथे सप्लिमेंटचा डबा विकायची सवय लागलेली मुलं या प्रश्नाला हमखास चुकतात.

दंडबैठक

आहारवेद यांच्या मुद्द्याला जोडून नाडीचं. ४० वर्षांचा माणूस, विश्रांतीची नाडी ७०. ६० टक्के तीव्रतेला नाडी किती? नुसते २२० वजा वय घेतलं तर कमाल १८०, त्याचे ६० टक्के १०८. कार्व्होनेन पद्धतीने १८० मधून ७० वजा, ११०, त्याचे ६० टक्के ६६, त्यात परत ७० मिळवा, १३६. दोन उत्तरांत २८ ठोक्यांचा फरक. १०८ ला हा माणूस गप्पा मारत चालेल, १३६ ला घाम काढेल. प्रश्नात 'हार्ट रेट रिझर्व्ह' हे शब्द असतील तर दुसरी पद्धत, नसतील तर पहिली. शेवटी ७० परत मिळवायचे विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

कोथरूडकर

भरपूर कळलं. मग त्या मुलाने नेमका क्रम काय ठेवावा? आणि आपल्या स्किल कौन्सिलच्या सर्टिफिकेटचं काय?

मुद्गल

स्किल कौन्सिलचं, म्हणजे क्रीडा-फिटनेस क्षेत्राच्या एसपीईएफएल-एससीचं फिटनेस ट्रेनर, ते राष्ट्रीय कौशल्य चौकटीत लेव्हल ४ आहे. भारतात ट्रेनरला परवाना लागत नाही, त्यामुळे तेही सक्तीचं नाही. सरकारी किंवा संस्थात्मक जागांसाठी कामाला येतं. काम येत असलेल्याला आधीच्या अनुभवावर मूल्यमापन देऊन ते मिळवायची वाट आहे, खर्च कमी. ब्रिटनच्या लेव्हल ४ शी मात्र त्याची गाठ घालू नका, आकडा सारखा असला तरी शिड्या वेगळ्या.

क्रम मी असा ठेवीन. आधी सीपीआर, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीचं, पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या प्रशिक्षण केंद्रांत होतं, दोन वर्षं चालतं. पुतळ्यावर हात चालवून घेणारंच करा: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, ३० दाबांना २ श्वास. संपूर्ण ऑनलाइन सीपीआर काही परीक्षा-संस्था नाकारतात. मग इथल्याच एखाद्या अकादमीत प्रात्यक्षिक भरपूर असलेला कोर्स, तिचं नाव परदेशात चालो न चालो. तो हात बसण्यासाठी. त्यावर एनसीसीए मान्यतेची एक परीक्षा, दुबईसाठी. त्या मुलाची घडण फ्लोअरवरची आहे, म्हणून एनएससीए-सीपीटी. ऑस्ट्रेलिया नक्की ठरलं तर मात्र अमेरिकन परीक्षेवर पैसे घालू नयेत, सर्टिफिकेट थ्री-फोर तिथेच करावं.

यारा_किनारा

हो, दोन्ही केलेले इथे भेटतात आणि पगार तोच असतो.

दंडबैठक

अर्ज भरण्याआधी पासपोर्ट काढून समोर ठेवा. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव असतं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही, आधारवर कधी आद्याक्षर, पदवीवर आडनाव आधी. परीक्षेच्या खात्यात नुसतं नाव-आडनाव टाकलं आणि ओळखपत्रावर तीन शब्द निघाले तर पर्यवेक्षक परीक्षेला बसू देत नाही, आणि ती फी बहुधा परत मिळत नाही. खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः जुळवा, स्पेलिंगसकट.

घरून देणार असाल तर खोलीत दुसरा मॉनिटर नको, भिंतीवर स्नायूंचं पोस्टर नको, आणि मध्ये कुणी चहा घेऊन आत आलं तरी पेपर थांबवतात, तेव्हा दाराला आतून कडी. राउटरला वेगळा यूपीएस लावा. लॅपटॉप बॅटरीवर तीन तास चालेल, पण लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि पेपर तिथेच तुटतो. एमएसईबीचा (दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा) गुरुवार टाळून तारीख घ्या.